प्रवराकाठचा बोका

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा नियम आमच्या पिढीच्या सगळ्याच बायकांनी पाळला. मला तो कधी जड गेला नाही, कारण माझ्या नवऱ्याचं नाव गावात कुणीच घेत नव्हतं. ते तलाठ्याच्या दप्तरात होतं आणि लग्नाच्या पत्रिकेत होतं, तेवढंच. बाकी राहुरीपासून नेवाशापर्यंत ज्याला म्हणून कुस्तीचं वेड होतं तो त्यांना एकाच नावानं ओळखायचा, बोका. आणि हे नाव त्यांना मी दिलं होतं. चुकून दिलं, फुंकणीच्या टोल्यानं दिलं, पण दिलं मीच. ही हकिकत आमच्या नातवंडांनी दहा जणांकडून दहा तऱ्हांनी ऐकली आहे, तेव्हा एकदा माझ्या हातून सरळ लिहून ठेवावी म्हणते. इथंही मी त्यांना 'हे'च म्हणणार. ते असताना नाव घेतलं नाही, आता कागदावर घेऊन काय मिळवू?

माझे वडील नगरला प्राथमिक शाळेत मास्तर होते. मी सातवी पास झाले आणि त्याच वर्षी देवळाली प्रवरेजवळच्या एका गावातून स्थळ आलं. नदीकाठची जमीन, उसाचा फड, गुऱ्हाळ, दोन बैलजोड्या, एक दुभती म्हैस, एक विधवा सासू आणि एक पैलवान, असं सगळं घर. लढाईची वर्षं होती. नगरला रॉकेलसाठी रांग, साखरेसाठी रांग. वडिलांनी पैलवानाकडं फारसं बघितलंच नाही, म्हैस बघितली. म्हणाले, पोरगी दुधाला मोताद होणार नाही, उरकून टाका.

पोरगी दुधाला मोताद झाली नाही, नवऱ्याला झाली. लग्न वैशाखात लागलं. दसऱ्याला तालमीत मातीची पूजा झाली आणि हे अंथरूण काखोटीला मारून चालू लागले. मला वाटलं शेतावर राखणीला निघाले. सासूबाईंनी सांगितलं की वस्तादाचा नियम आहे, दसऱ्यापासून अक्षयतृतीयेपर्यंत पैलवानानं तालमीतच निजायचं, लग्न झालेलं असो नाहीतर नसो. घरी यायचं ते दोन वेळा जेवायला. जेवायला आले की सासूबाई समोर बसून वाढायच्या आणि मी चुलीपाशी पाठमोरी भाकऱ्या थापायचे. आठवी भाकरी झाली की तांब्या वाजायचा, म्हणजे साहेब उठले. सहा महिने हाच आमचा संसार असणार होता. मी मास्तराची मुलगी, मला पाढे येत होते, म्हणून मी भाकऱ्या मोजायचे.

आता पैलवानाला नाव कसं पडायचं तेही सांगायला हवं. जत्रेतल्या कुस्त्यांना आमच्याकडं हगामा म्हणतात. हगाम्याला दहा गावचे पैलवान येणार, त्यांत एकाच नावाचे पाच असणार, मग लोक ओळखणार कसे? म्हणून प्रत्येकाला एक चिकटलेलं नाव असायचं. स्वतःचं स्वतः ठेवून घेतलेलं चालत नसे. कुणी तसा शहाणपणा केलाच तर लोक पोट धरून हसायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याला भलतंच काहीतरी डकवायचे. नाव एक तर वस्तादानं द्यायचं, नाहीतर लोकांनी. आमच्या तालमीत एक होता 'भिंत', त्याला हलवता येत नसे. एक 'सुतळी', दिसायला किडकिडा पण एकदा आवळला की सुटायची सोय नाही. एक होता 'जावई'. तो हगाम्याला कोशा पटका बांधून यायचा आणि जोड मनासारखी लागेपर्यंत रुसून बसायचा. आणि एक बिचारा 'सोमवार'. त्याचा सोमवारचा उपास असे आणि त्या दिवशी तो हमखास पडायचा. मग आमच्या भागातली निम्मी गावं त्याला मुद्दाम सोमवारीच बोलावणं धाडायची.

ह्यांना अजून नाव नव्हतं. वस्तादांनी कबूल केलं होतं की यंदा चार कुस्त्या मारल्यास तर तुला 'वाघ' म्हणून पुकारायला लावतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी काय करणार होते म्हणा.

मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळचं दूध सासूबाई चुलीशेजारच्या वैलावर मंद विस्तवावर ठेवून द्यायच्या. दुपारपर्यंत त्याला भाकरीएवढी जाड साय यायची. तुपासाठी ती साठवायची. तर रोज ती साय अर्धी गायब होऊ लागली. शेजारच्या वस्तीवर एक काळा बोका होता, दांडगा, कान फाटका. सासूबाईंचा त्याच्यावर जुना राग. त्या म्हणाल्या, "त्योच मुडदा हाय. तू दुपारची निजू नको पोरी. दबा धरून बस आन् असा हाण की पुन्यांदा ह्या घराचं नाव घ्यायचा न्हाई."

मी नवी सून. सांगितलेलं काम चोख करायचं, एवढंच मला शिकवलेलं. जेवणं झाली, सासूबाई ओट्यावर आडव्या झाल्या, आणि मी लोखंडी फुंकणी घेऊन धान्याच्या कणगीमागं बसले. आमचा सैपाकघराचा सोपा भर दुपारी काळाकुट्ट. भिंतीत एक झरोका, तोही चुलीच्या धुरानं काळा झालेला. बराच वेळ गेला. मला डुलकी लागायला आली तोच मागल्या दाराची कडी हळूच निघाली. काहीतरी मोठं, काळं, वाकून, पावलांचा आवाज न करता आत आलं आणि वैलापाशी बसलं. बोका एवढा मोठा कसा, हा विचार माझ्या मनात यायला हवा होता. तो आला नाही. झाकणीचा आवाज झाला आणि मी दोन्ही हातांनी फुंकणी हाणली. "मेल्या बोक्या! मर एकदाचा!"

बोका ओरडला नाही. त्याच्या तोंडात साय होती. तो तसाच गुडघ्यावर बसून माझ्याकडं बघत राहिला. मिशांना साय, हनुवटीला साय, आणि पाठीवर हा एवढा वळ. साय गिळून झाल्यावर म्हणाला, "आगं, मी हाय."

तोवर सासूबाई धावत आल्या होत्या. त्यांनी एकदा मुलाकडं बघितलं, एकदा माझ्या हातातल्या फुंकणीकडं बघितलं आणि उंबऱ्यातच बसकण मारली. माझ्या सासूबाईंना हसू आलं की बोलता येत नसे, नुसत्या मांडीवर थापा मारायच्या. त्यांनी इतक्या थापा मारल्या की शेजारीण विचारायला आली. मी मात्र रडत होते. नवऱ्याला मारलं, आता माहेरी पाठवणार, वडिलांना काय सांगायचं, असं सगळं एका वेळी डोक्यात. हे उठले, पाठ चोळत मागल्या दारानंच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई धुणं घेऊन नदीवर गेल्या आणि तिथं तोंडाला कुलूप लावणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. संध्याकाळपर्यंत तालमीत कळलं. आठवड्यानं शेजारच्या गावचा हगामा होता. पुकारणाऱ्यानं कर्णा तोंडाला लावून ह्यांचं रीतसर नाव, गाव, बापाचं नाव पुकारलं, आणि कुस्तीच्या फडाच्या एका कडेनं कुणीतरी 'म्यांऽऽव' केलं. मग सगळा फड म्यांव म्यांव. हे इतके चिडले की पहिल्याच डावाला बेफाम धावले आणि तोंडावर पडले. त्या रात्रीपासून वाघ गेला तो गेलाच.

चौथ्या दिवशी दुपारी मागल्या दाराची कडी पुन्हा निघाली. मी तांदूळ निवडत होते, फुंकणी चुलीपाशी होती. हे दारातच थबकले. "फुकनी कुटं हाय?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मी बोटानं दाखवली. मग आत येऊन कणगीला टेकून बसले.

"वस्ताद मला वाघ करनार हुते," ते म्हणाले. "तू बोका केलास."

"माफ करा," मी म्हटलं. मला खरंच वाईट वाटत होतं. मग न राहवून म्हटलं, "पण साय हवी होती तर मागायची. सासूबाईंनी वाटी भरून दिली असती."

ह्यांनी वैलाकडं नुसतं बघितलं, उठले नाहीत. अर्धा तास बसले, मी निवडून काढलेले खडे उचलून पुन्हा तांदळात टाकले, आणि कडी लावून गेले. त्या दिवशी साय होती तशी राहिली. मी सातवी पास असले तरी काही गोष्टी मला उशिरा कळतात. ही मात्र त्या दुपारी कळली, आणि मी एकटीच किती तरी वेळ हसत बसले. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी कडी निघायची. वस्तादांचा नियम रात्रीचा होता, दुपारबद्दल ते काही बोललेले नव्हते.

वस्तादांनी एक शहाणपण केलं. ह्यांना त्यांनी सांगितलं, "चिडू नगंस. नाव पडलं ते पडलं, आता त्याला सोडवायला गेलास तर अजून आवळंल. त्यापरीस त्यो बोका कसा बसतोय ते बघ." आणि हे खरोखर बघायला लागले. गुऱ्हाळाच्या भिंतीवर तो फाटक्या कानाचा काळा बोका उंदरांसाठी बसायचा, आणि खाली हे त्याच्यासाठी बसायचे. आधी ह्यांची कुस्ती बैलासारखी होती, मान खाली घालून धडक मारायची. आता ते वाकून, अंग सैल सोडून, हलायचेच नाहीत. समोरचा कंटाळायचा, चिडायचा, एक पाऊल चुकीचं टाकायचा, आणि तेवढ्यात झेप. त्या साली पुढच्या सगळ्या कुस्त्या ह्यांनी मारल्या. लोक म्यांव करायचे ते आता कौतुकानं. दुसऱ्या वर्षी तर नगरच्या छापखान्यात छापलेलं एक हॅन्डबिल घेऊन हे दुपारी आले आणि माझ्या पुढ्यात टाकलं.

"वाच."

मी वाचलं. गुलाबी कागदावर वर देवाचं नाव, खाली जोड्यांची यादी, आणि मध्ये ठळक अक्षरांत 'प्रवराकाठचा बोका'.

"पुन्यांदा वाच," हे म्हणाले. मी चार वेळा वाचलं. मग त्यांनी ते घडी करून माझ्याच ट्रंकेत, माझ्या लग्नाच्या शालूखाली ठेवलं. तालमीत पोरं पळवतात म्हणाले.

त्याच फाल्गुनात वस्ताद घरी आले. ते कधी येत नसत, त्यामुळं सासूबाईंनी घाईघाईनं घोंगडी अंथरली. मी आतून ऐकत होते. आमच्या भागात एक बडे बागाईतदार होते, कुस्तीचे भारी शौकीन. त्यांनी जाहीर केलं होतं की चैत्रातल्या जत्रेत, नेवाशाच्या वाटेवर नदीकाठी जो मोठा हगामा भरतो, त्यातली शेवटची कुस्ती जो मारेल त्याला ते कोल्हापूरच्या तालमीत धाडणार. राहणं, खुराक, बदाम-तूप सगळं त्यांच्याकडं. आणि त्या शेवटच्या कुस्तीला एका बाजूनं ह्यांचं नाव पक्कं झालं होतं.

"तीन वर्सं," वस्ताद म्हणाले. "पर तिथला कायदा कडक हाय, आदीच सांगतो. तीन वर्सं घराकडं तोंड न्हाई. सनवार न्हाई, सुगी न्हाई. बायकूचा कागदसुदिक आत येऊ देत न्हाईत."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं. त्यांच्या घरातला पोरगा कोल्हापूरला जाणार. साखर रेशनवर, म्हणून त्यांनी गल्लीत गूळ वाटला. मलाही एक खडा दिला. मी म्हटलं, "छान झालं." मला लिहिता येत होतं म्हणून मी फार मिरवायचे. आता माझं पत्रसुद्धा आत जाणार नव्हतं. तो गुळाचा खडा माझ्या तोंडात कितीतरी वेळ विरघळला नाही.

ह्यांच्या मनात काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. त्या दिवशी जेवताना त्यांनी नेहमीपेक्षा दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. दुपारचं येणं मात्र बंद झालं. वस्ताद दिवसरात्र मेहनत करून घेत होते. मला वाटलं, कोल्हापूर म्हटल्यावर कोण कणगीला टेकून बसतंय. माझा राग राग झाला. नवऱ्याचा उत्कर्ष व्हावा असं ज्या बायकोला वाटत नाही ती कसली बायको, असं मी स्वतःलाच म्हणायचे, आणि वाटायचं मात्र नाहीच. चैत्र येईपर्यंत मी घरातल्या प्रत्येक भांड्यावर एकेक पोचा पाडला.

जत्रेला आम्ही पहाटे गाडी जुंपून निघालो. फड नदीच्या वाळवंटात होता, तांबडी माती टाकून केलेला. बायकांनी हगामा बघायचा नसतो, म्हणून आमच्या गाड्या वर दरडीवर लिंबांखाली सोडलेल्या आणि तोंडं देवळाकडं केलेली. गाड्यांची तोंडं देवळाकडं होती खरी, पण बायका सगळ्या मागच्या बाजूनं पाय सोडून बसल्या होत्या. खालचं सगळं तळहातावर असल्यासारखं दिसत होतं. पोरांच्या रेवड्यांच्या बक्षिसावरच्या कुस्त्या झाल्या, मग लहान जोड्या, मग मधल्या. उन्हं कलली तेव्हा हलगीचा ठेका बदलला. सासूबाईंनी माझा हात धरला.

समोर होता 'घोरपड'. नेवाशाकडचा, वयानं मोठा, नावाप्रमाणेच. एकदा पालथा पडून मातीला चिकटला की त्याला सोडवायला पहार लागेल असं लोक म्हणायचे. अर्धा तास काही झालंच नाही. हे वाकून, सैल, तो वाकून, घट्ट. मग एकदम धूळ उडाली, आणि बघते तो घोरपड खाली पालथी आणि हे वर. ह्यांनी त्याचा एक हात ओढून काढला होता, गुडघा मानेवर रोवला होता. खांदा हळूहळू वळत होता. माझ्यासारखीलासुद्धा कळत होतं की आता चार श्वासांचं काम आहे. हलगीवाल्यानं हात थांबवला. एवढा जमाव, पण वाळवंटात चिटपाखरू नसल्यासारखं झालं. सासूबाई देवाचं नाव पुटपुटत होत्या.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं हे मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं. ते मी इथं लिहिते. तो खांदा वळत होता, आणि मला त्या खांद्यापलीकडं तीन दसरे आणि तीन दिवाळ्या दिसत होत्या. मागल्या दाराला मीच आतून कडी लावतेय, मीच काढतेय. मी गाडीत उभी राहिले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, पण हे काही त्यांचं नाव नव्हतं. पदर डोक्यावरून पडला, तो सावरला नाही, आणि नगरच्या शाळेत प्रार्थना म्हणताना लावायचे तो आवाज लावला.

"बोक्याऽऽऽ!"

हगाम्यात बाईचा आवाज तोवर कुणी ऐकला नव्हता. पंच वळले, बागाईतदार वळले, हलगीवाला वळला. खालून ह्यांनी मान वर केली आणि दरडीकडं, थेट माझ्याकडं बघितलं. अगदी डोळ्याला डोळा. घोरपडीला तेवढं पुष्कळ झालं. तो गर्रकन उलटला, हे खाली गेले आणि पाठ लागली. मातीत चांगली, दोन्ही खांदे टेकून.

मग जो हलकल्लोळ झाला! निम्मे लोक हसत होते, निम्मे घोरपडीला खांद्यावर घेऊन नाचत होते. गाड्यांवरच्या बायका माझ्या पाठीवर थापा मारत होत्या. सासूबाई आधी तोंडावर हात ठेवून बसल्या, मग मला जवळ घेतलं. "आगं बया! जीव ऱ्हायला न्हाई व्हय तुझा? हाकच मारलीस! जाऊ दे पोरी, तू तरी काय करशील, मायाच तेवढी." त्यांना वाटलं, सगळ्यांनाच वाटलं, की मी नवऱ्याला जोर यावा म्हणून ओरडले. मी मान खाली घातली. लोकांनी ती लाज समजली.

वस्ताद ह्यांना घेऊन गाडीपाशी आले. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ह्यांना मात्र सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. "बाप मेल्याची हाक आली तरी मान वळवायची न्हाई! पैल्या दिवशी शिकवलंय तुला. आठ वर्सांत कदी वळवलीस का? आज कसं झालं तुज्याच्यानं?" हे उभे होते, केसांत माती, कानात माती. खाली बागाईतदार घोरपडीला फेटा बांधत होते. तो कोल्हापूरला गेला आणि मोठा नामांकित झाला, हेही सांगितलं पाहिजे.

परत निघालो. सासूबाई दिवसभर उन्हात बसून थकल्या होत्या, त्यांना गाडीत झोप लागली. हे गाडी हाकत होते, मी मागं. दोन कोस झाले तरी ह्यांनी एक अक्षर काढलं नाही. बैलांना 'हैक' नाही की 'चक' नाही. ओरडले असते, मारलं असतं, तरी मला बरं वाटलं असतं. वाटेत एक ओढा लागतो. बैलांना पाणी दाखवायला त्यांनी गाडी सोडली आणि स्वतः ओढ्यात उतरून कान धुवायला लागले. मी खाली उतरले. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजवत त्यांच्याजवळ गेले. त्या माणसाची मी आयुष्याची कमाई घालवली होती, आणि सगळं गाव मला मायाळू म्हणत होतं. ते मला सोसेना.

"मी तुम्हाला जोर यावा म्हणून हाक नाही मारली," मी म्हटलं. "तुम्ही जिंकत होतात, मला दिसत होतं. तुम्ही जाऊ नये म्हणून मारली. मुद्दाम."

ह्यांनी ओंजळीतलं पाणी डोक्यावर घेतलं. मातीचा तांबडा ओघळ गळ्यावरून खाली गेला. मग दुसरी ओंजळ घेतली. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "ठावं हाय."

ओढ्याचं पाणी पायांना गार लागत होतं.

"मी बी मुद्दामच बगितलं," हे म्हणाले.

ते खरं होतं, की माझ्या मनावरचं ओझं काढायला त्यांनी तेवढ्यात रचलेलं होतं, हे मला पुढच्या सगळ्या संसारात कळलं नाही. पुढं पुष्कळदा विचारलं. ते दर वेळी हसायचे आणि चहा मागायचे. पण त्या ओढ्यात मला एवढं कळलं की दोन्हींतलं काहीही खरं असलं तरी माणूस मला फार चांगला मिळाला आहे, आणि मी गुडघाभर पाण्यात उभी राहून मोठ्यानं रडायला लागले. सासूबाई जाग्या होऊन गाडीतून विचारू लागल्या, "काय झालं रं? काय झालं तिला?"

"कायी न्हाई आये, कुस्ती हारली म्हून रडतीया," ह्यांनी सांगितलं, आणि ओल्या हातानं माझा पदर डोक्यावर सारखा केला.